रसद, सरंजाम, बेगमी, सरबराई

पाणी, वीज, औषधे, जेवणाचे डबे, सगळ्यालाच आपण हल्ली 'सप्लाय' म्हणतो. मला ते खटकते. देणारा कोण, घेणारा कोण आणि देणे कोणत्या नात्याचे, हे आपल्या जुन्या शब्दांतून न सांगता कळत असे.

रसद फौजेची. ती पोचवावी लागते आणि शत्रू ती तोडतो. पानिपतच्या मोहिमेत डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे उपाशीपोटी रणात उतरले. सरंजाम निराळा. फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेला मुलूख तो सरंजाम, आणि कार्याची सारी जमवाजमव तोही सरंजामच. इंग्रजीतला 'इक्विप' याच्या जवळचा. तो मूळचा जहाज सज्ज करण्याचा शब्द.

बेगमीत 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे चिंता. 'प्रोव्हाइड'च्या लॅटिन मुळाचा अर्थ पुढचे पाहणे. एकाने आधीची दूरदृष्टी धरली, दुसऱ्याने नंतरची निश्चिंती. मला दुसरा शब्द अधिक घरगुती वाटतो. चातुर्मासात कित्येक जैन घरांत पालेभाजी वर्ज्य असते. मग आषाढाआधीच डाळी, वड्या, पापड यांची बेगमी होते.

शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी हे फारसी शब्द मराठीच्या तोंडून गेले नाहीत.

सरबराईची गोष्ट मात्र आपल्या बोथची. फारसीत सरबराह म्हणजे व्यवस्था पाहणारा. मराठीत सरबराई उरली पाहुण्यांची, त्यातही जावयाची. तेलुगूने तोच शब्द 'सरफरा' करून घेतला आणि सरकारला दिला; नागरी पुरवठा म्हणजे 'पौर सरफरा'. कानडीत त्याचे 'सरबराजु' झाले. १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, बोथ इकडेच राहिले. म्हणून आपण घरात जावयाची सरबराई करतो, आणि सरकारी सरफऱ्यासाठी रांगेत उभे राहतो!

किनवटकरांच्या हाती शिधापत्रिका आली. शिधा म्हणजे कोरडे, न शिजवलेले अन्न. स्वतः रांधून खाणाऱ्या अतिथीला तो आदराने देत. त्या कागदावर तो हक्काचा झाला. बोलताना मात्र दोन्हीकडचे लोक 'रेशन'च म्हणतात.