निष्कामतेची ढाल

‘सेवा मोजायची नसते’ हे मत आपल्याकडे इतके रूढ आहे की ते सिद्ध करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. ते मांडणारे लबाड नाहीत. त्यांतले अनेक अन्नछत्रांत स्वतः राबलेले आहेत. त्यांचे म्हणणे असे: दान हा दात्याचा आणि देवाचा व्यवहार. या हाताचे त्या हाताला कळू नये. प्रश्नावल्या घेऊन माणसे झोपडीत शिरू लागली, की सेवेचे कंत्राट होते. धीर, आशा, प्रतिष्ठा यांना माप कोणते लावणार? आणि फलाची आसक्ती सोडा असे गीता सांगत असताना निकाल मागणे धर्माला सोडून नाही काय?

शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळा भार त्याच्यावर आहे. निष्काम कर्मात सोडायचे असते ते कर्त्याच्या वाट्याचे फळ: पुण्य, कीर्ती, समाधान. भुकेल्या मुलाच्या पोटात अन्न गेले की नाही, हे कर्त्याचे फळ नव्हे. वैद्याने फीचा मोह सोडावा, हे मान्य; म्हणून रोग्याचा ताप उतरला का, हेही त्याने पाहू नये?

धर्माला मोजमापाचे वावडे असते, हेही खरे नाही. इस्लाममधील जकातीला निसाब आहे: सुमारे ८५ ग्रॅम सोन्याइतकी संपत्ती वर्षभर राहिली, की तिचा चाळिसावा हिस्सा द्यायचा. घेणाऱ्यांचे आठ वर्गही कुराणात नेमून दिलेले. ज्यू धर्मपंडित मायमोनिडीझने बाराव्या शतकात दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. गुप्तदानाचे स्थान त्यांत उंच आहे. सर्वांत उंच मात्र नाही. तिथे आहे कर्ज, भागीदारी वा काम देऊन केलेली अशी मदत, की माणसाला पुन्हा मागावे लागू नये. ती पायरी गाठली की नाही, हे घेणाऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय कसे ठरणार?

‘मन मोजता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी फिलिपिन्सकडे पाहावे. तिथली इंटरनॅशनल केअर मिनिस्ट्रीज ही ख्रिस्ती संस्था अतिगरीब कुटुंबांना धर्ममूल्ये, आरोग्य आणि उपजीविका यांचे धडे देते. ब्रायन, चोई आणि कार्लन या अर्थशास्त्रज्ञांनी तिच्या कामाची कसोटी घेतली. सोडत पद्धतीने काही वस्त्यांना तिन्ही भाग मिळाले, काहींना केवळ धर्मशिक्षण, काहींना धर्म वगळून उरलेले, काहींना काहीच नाही. कुटुंबे सहा हजारांहून अधिक. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. धर्मशिक्षण संपल्यानंतर सहा महिन्यांनी ते घेतलेल्या घरांची धार्मिकता वाढलेली होती, उत्पन्नही वाढलेले होते. मात्र घरखर्च, अन्नाची शाश्वती आणि आयुष्याबद्दलचे समाधान यांत ठळक फरक नव्हता. आणि इतरांच्या तुलनेत आपली आर्थिक पायरी कोणती, असे विचारल्यावर ही माणसे स्वतःला खाली ठेवत होती. तीस महिन्यांनी श्रद्धेच्या तीव्रतेतला फरक ओसरला, घरखर्चाविषयीचा पुरावा संमिश्र राहिला. ‘देव दिला की दारिद्र्य जाते’ असे म्हणणाऱ्याला हा निकाल पुरत नाही. ‘प्रवचनाने चूल पेटत नाही’ म्हणणाऱ्यालाही नाही. केवळ उत्पन्न पाहिले असते तर विजय जाहीर झाला असता. मनाला प्रश्न विचारला, म्हणूनच खरे चित्र दिसले.

काही वस्त्यांना वगळणे क्रूर नव्हे का? आक्षेप गंभीर आहे. पण पैसा सर्वांना पुरत नसतो, तेव्हा वगळले जाणे अटळच असते. ओळखीपाळखीने वगळण्यापेक्षा सोडत न्याय्य. पुरात वा दुष्काळात जेवू घालताना मात्र असली कसोटी कोणीही मागू नये. तिथे भूक भागवणे हाच हेतू असतो आणि तो समोर पुरा होतो.

दावा दारिद्र्य संपवण्याचा असेल, तर गोष्ट वेगळी. एप्रिल २०१५ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने अनेक धर्मांच्या नेत्यांनी २०३०पर्यंत अतिदारिद्र्य संपवण्याच्या आवाहनाला पाठिंबा दिला. वर्ष घालून केलेला संकल्प मोजमाप नाकारू शकतो काय?

आपल्याकडे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यात दारिद्र्यनिवारण हा धर्मादाय हेतू मानला आहे, आणि न्यासाच्या हिशेबाची तपासणी बंधनकारक आहे. पण तो हिशेब रुपयांचा. किती आले, किती गेले, इथे तो थांबतो. गेल्या वर्षी ज्या घरांना मदत दिली, त्यांपैकी किती घरांना यंदा ती घ्यावी लागली नाही, हा आकडा अहवालात छापायला विश्वस्तांना कोणताही कायदा अडवत नाही.