चूक झाकण्याची शाई

ज्यांच्या घरी पणजोबांच्या काळातल्या पोथ्या असतील, त्यांनी एखादी जरूर उघडून पाहावी. काही पोथ्यांची अक्षरे थेट हाताने लिहिल्यासारखी दिसतात, पण ती असतात छापलेली. ही शिळाछाप, म्हणजे दगडावरून कागदावर उतरवलेली अक्षरे. ही युक्ती ज्याने शोधली तो मुद्रक नव्हता की रसायनशास्त्रज्ञही नव्हता. तो होता पैशाच्या विवंचनेत सापडलेला एक नाटककार.

अलोइस झेनेफेल्डर त्याचे नाव. जन्म 1771 चा, प्राग शहरातला. वडील नट होते. कायद्याचे शिक्षण चालू असतानाच ते वारले आणि अलोइसला शिक्षण सोडावे लागले. म्युनिकमध्ये तो नाटके लिहू लागला. एका नाटकाची छपाई लांबली, लाइपझिगच्या पुस्तकजत्रेची संधी हुकली आणि हाती जेमतेम छपाईचा खर्च आला. तेव्हा त्याच्या मनाने घेतले, की आपली नाटके आपणच छापावीत. छापखाना घालायला मात्र पैसा नव्हता.

मग त्याने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून पाहिली. छपाईसाठी ती उलटी लिहावी लागतात, आरशात दिसतात तशी. साहजिकच पदोपदी चुका होऊ लागल्या. पत्र्यावरची चूक झाकून पुन्हा कोरता यावे, म्हणून त्याने मेण, साबण आणि काजळी यांचे एक मिश्रण तयार केले. प्रत्येक वेळी पत्रा घासून गुळगुळीत करणे जिवावर येई, म्हणून उलट्या लेखनाचा सराव तो चुनखडीच्या सपाट दगडावर करू लागला. म्हणजे शाई चूक झाकण्यासाठी आणि दगड सरावासाठी! या दोन गोष्टींतून काही नवे निघेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

1796 मध्ये एके दिवशी आईने त्याला धुवायला द्यायच्या कपड्यांची यादी करायला सांगितले. परटीण दारात उभी. घरात कागदाचा कपटा नाही, दौतीतली शाई वाळलेली. त्याने समोरच्या दगडावर त्याच काळ्या मिश्रणाने यादी लिहून टाकली. पुढे ती पुसायला घेतली तेव्हा त्याच्या मनात आले, यावर तेजाब ओतले तर काय होईल? पाच मिनिटांत आजूबाजूचा दगड झिजला आणि अक्षरे पत्त्याच्या जाडीइतकी वर राहिली. त्यांवर शाई लावून ठसा घेता येत होता.

ही गोष्ट नेहमी इथेच संपवली जाते आणि श्रेय नशिबाला दिले जाते. पण शोध अजून पुरा व्हायचा होता. उठावाची ही छपाई पूर्वीच्या पद्धतींहून फार वेगळी नव्हती. आणखी दोन वर्षे तो धडपडत राहिला. जुन्या पुस्तकाचे पान डिंकाच्या पाण्यात भिजवून त्यावर तेलकट रंग फिरवला, तर रंग फक्त अक्षरांवर बसतो आणि ओल्या कोऱ्या जागेवर बसत नाही, हे त्याला दिसले. तेल आणि पाण्याचे हे वैर त्याने दगडावर आणले. 1798 च्या सुमारास कोरल्याशिवाय, अगदी सपाट दगडावरून छापता येऊ लागले. 1818 मध्ये त्याने या विद्येवर ग्रंथ लिहिला आणि त्यात आपले फसलेले प्रयोगही सविस्तर नोंदवले.

आपल्याकडे हे तंत्र फार सोयीचे ठरले. देवनागरीचे खिळे पाडायचे तर जोडाक्षरे आणि काना-मात्रा यांमुळे खिळ्यांची संख्या भलतीच वाढते. दगडावर मात्र लेखकू जसे लिहील तसे उमटते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पुढे 1894 मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे याच तंत्राने घरोघरच्या भिंतींवर गेली. आज ज्यावर बहुतेक वर्तमानपत्रे छापली जातात, ते ऑफसेट मुद्रण याच विद्येचे पुढचे रूप. दगडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा आला, पण तेल-पाण्याचे वैर तेच राहिले.

नशिबाने झेनेफेल्डरला फक्त परटीण दारात आणून दिली. शाई मात्र त्याच्या चुकांनी आधीच तयार करून ठेवली होती, आणि तेजाब ओतायला लावले ते त्याच्या कुतूहलाने. चुका त्याच्या हातून होत होत्या म्हणूनच ते मिश्रण घरात होते. लिहिलेली यादी निमूटपणे पुसून टाकली असती, तर तिथेच सारे संपले असते.

मुलाच्या वहीत खाडाखोड दिसली, की आपला हात लगेच लाल पेन्सिलीकडे जातो. त्याआधी एकदा विचारून पाहावे, 'बाळा, तू काय करून पाहत होतास?'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)