अंगणातली शाळा



मुलांना घरी हाताने करून शिकवायचं म्हटलं की पहिला प्रश्न सामानाचा येतो. कोणते ठोकळे मागवू, कोणता संच चांगला? दुसरा प्रश्न त्याहून अवघड असतो. थोरलीला शिकवत बसले तर धाकट्याचं काय करू? या दोन्ही प्रश्नांशी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आयुष्यभर झगडल्या.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं होतं. गिजुभाई पेशाने वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या काळजीत असताना त्यांना माँटेसरीबाईंचे विचार सापडले. म्हणजे एवढ्या मोठ्या चळवळीचं मूळ एका घरातल्या काळजीत आहे! ताराबाई त्यांच्याबरोबर काम करू लागल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला.

माँटेसरीची साधनं सुंदर, पण महाग. गुळगुळीत लाकडी दट्ट्या, मनोरे, रंगाच्या पट्ट्या. शहरात ते परवडेल, पण खेड्यात काय करायचं? म्हणून १९४५ मध्ये ताराबाई समुद्राकाठच्या बोर्डीला गेल्या. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेली ही बाई शिकून शिक्षिका झाली होती. या दोघींनी विकतची साधनं बाजूला ठेवून खडे, बिया, पानं, फुलं, शंख-शिंपले घेतले. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-मऊ हे सगळं त्यांतूनही शिकता येतं.

बालवाडी सुरू झाली, पण हरिजन वाड्यातली मुलं येईनात. तेव्हा शिक्षिकाच वाड्यात गेल्या. तिथल्याच अंगणात मुलांना न्हाऊमाखू घालायचं, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी आणि खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. त्या काळी आपल्या घरांच्या अंगणात कोणाकोणाच्या मुलांना यायची मुभा होती, हे आजीला एकदा जरूर विचारा.

पुढे डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झालं, आणि तिथे दुसरा प्रश्न समोर आला. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण कडेवर भावंड आहे. आईबाप मजुरीला गेलेले. या मुलीला रागावून काय उपयोग? म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ताई तिच्या वर्गात. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे शिक्षकच कुरणावर. मला या दोघींचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. वेळापत्रक त्यांनी घराकडे बघून ठरवलं.

आपल्या बपेऱ्याकडे तर धानाचा प्रदेश, साधनांना काय तोटा? अडीच-तीन वर्षांच्या मुलाला शेंगा सोलू द्याव्यात, एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतू द्यावं. (सांडेल. फडकंही त्यालाच द्यावं.) पाच-सहा वर्षांच्या मुलीला चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करू द्यावेत; दशक समजायला याहून सोपं काही मला सापडलेलं नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाकडे गिरणीचा हिशेब सोपवावा. नेलेलं धान किती किलो, आलेला तांदूळ किती, कोंडा किती? तांदूळ धानाच्या साधारण दोन तृतीयांश भरतो. ते त्याने स्वतः वजन करून काढलं की अपूर्णांक वेगळा समजवावा लागत नाही. आणि तिघंही एकाच ओसरीवर बसतात. थोरला धाकटीचे ढीग मोजून बघतो, तेव्हा त्याचीही उजळणी होते. फक्त तान्ह्या मुलाच्या हाती चिंचोके लागू देऊ नका, ते सरळ तोंडात जातात.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. अनुताई त्यानंतरही कोसबाडलाच राहिल्या, १९९२ मध्ये जाईपर्यंत.