सभामंडपाच्या गोल ओट्याचा हिशेब

जीर्णोद्धाराच्या हकिकतीत गोल ओट्याचा हिशेब सांगणे मला अगत्याचे वाटते. कारण अनेक देणगीदारांनी पैशाऐवजी सिमेंटच्या गोण्या दिल्या होत्या.

पूर्वीची हेमाडपंती देवळे चुन्याशिवाय, दगडात दगड बसवून उभी राहिली. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात 1824 साली निघाले. गोण्या मोजण्याचा प्रश्न त्यानंतरचा. वर्तुळाचे गणित मात्र आपल्याकडे जुने. इ. स. 499 च्या सुमारास आर्यभटाने 20,000 व्यासाला 62,832 परीघ सांगितला, म्हणजे 3.1416 पट. तरी अक्कलकुव्याच्या कचेरीत रोज आकडेमोड करणारा मी चुकलोच!

ओट्याचा व्यास 20 फूट, जाडी 6 इंच. मी चौकोन धरून 200 घनफूट काढले. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी या प्रमाणाने 36 गोण्या झाल्या. खरे क्षेत्रफळ 314 चौरस फूट, काँक्रीट 157 घनफूट, गोण्या 28. उरलेल्या आठ गोण्या सातपुड्याच्या पावसात दगड झाल्या. त्या देवळामागे अजून पडल्या आहेत.

खांबांच्या गोल पायांचा हिशेब मग गवंडीदादांनी माझ्यासमोर केला: व्यासाचा वर्ग, गुणिले 0.7854, गुणिले जाडी. वर सांडलवंडीसाठी विसात एक भाग. मध्ये खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ आखले. एका पायाचा माल मध्ये न थांबता ओतला, सळईने ठासला, आणि सात दिवस ओले गोणपाट ठेवले. या वेळी एकच गोणी उरली. ती पायरीला लागली.