हलू नका!

मराठी माणसाच्या देव्हाऱ्यात देवाचं चित्र नसतं, देवाचा ‘फोटो’ असतो. दुकानात जाऊन आपण ‘लक्ष्मीचा फोटो द्या’ म्हणतो, आणि लक्ष्मी कॅमेऱ्यासमोर कधी बसली होती असं दुकानदार विचारत नाही. हिंदी मुलखातही हीच तऱ्हा. क्रिस्तोफर पिनी हा अभ्यासक मध्य प्रदेशातल्या नागदा गावात राहून आला. छापील देवांवर त्याने लिहिलेलं पुस्तक २००४ साली निघालं, त्याचं नावच ‘फोटोज ऑफ द गॉड्स’.

मला शोध घ्यायचा होता तो समोरच्या बाजूचा. देवाचा फोटो नव्हे, देवापुढे उभ्या असलेल्या माणसाचा. आषाढात वर्तमानपत्रांची पहिली पानं ज्याने भरतात तो डोळे मिटलेला, भान हरपलेला चेहरा कॅमेऱ्यात आला कधी? माग काढत गेलो तर एकच अडचण जागोजाग आडवी आली. भक्ती हलते, आणि कॅमेऱ्याला हललेलं चालत नव्हतं.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे तिथले एक जाणते फोटोग्राफर. तेव्हा काचेवर ओलं रसायन पसरायचं, ते सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि अंधारात धुवायचाही. समोरच्याने काही सेकंद पुतळा होऊन राहायचं. टाळ वाजवणारा हात या काचेवर नुसता धुरकट पट्टा होऊन उमटला असता, आणि फुगडी तर उमटलीच नसती. म्हणून त्या काळच्या फोटोंत पूजा सांगणारे भटजी, आसन घातलेले बैरागी, जपमाळ धरलेले गोसावी दिसतात. सगळे बसलेले, सगळे सावध. ते भक्त नसून भक्ताचे नमुने आहेत. १८६८ पासून पुढच्या सात वर्षांत सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले, तेही याच वळणाचे: अमुक जात, अमुक पंथ.

आणखी एक गंमत आहे. त्या काचेला निळा रंग दिसे. पिवळा, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. छापात ते दोन्ही काळपट उतरत. म्हणजे कपाळावरचं कुंकू काळं, जेजुरीचा भंडारा काळा, गुलाल काळा, भगवी पताकाही काळी. खऱ्या रंगात उतरू शकला असता तो फक्त बुक्का! सगळे रंग टिपणाऱ्या प्लेटा १९०६ साली बाजारात आल्या. त्यातही फोटो कृष्णधवलच, पण कुंकवाचा काळा ठिपका निदान थोडा उजळला. जुन्या अल्बममधल्या बायकांची कपाळं बघताना हे ध्यानात ठेवावं.

मग या यंत्राला भक्तीचा भाव पकडता आलाच नाही का? आला, पण बंगालमध्ये. २१ सप्टेंबर १८७९ या दिवशी केशवचंद्र सेनांच्या कलकत्त्यातल्या घरी रामकृष्ण परमहंस उभे आहेत, एक हात वर, बोटांची मुद्रा झालेली. पडू नयेत म्हणून भाचा हृदय त्यांना सावरून उभा. पायाशी ब्राह्मो मंडळी बसलेली. रामकृष्ण समाधीत आहेत. ‘हलू नका’ असं त्यांना सांगायची गरजच नव्हती. नाचणाऱ्या भक्तीपुढे हात टेकणारा कॅमेरा समाधीपुढे मात्र आपसूक जिंकला, कारण दोघांची अट एकच होती. पुढे दक्षिणेश्वरी मांडी घालून बसलेला त्यांचा फोटो घेतला गेला आणि तो थेट पूजेतच गेला. भक्ताचा फोटो बघता बघता देवाचा झाला.

नाथद्वाऱ्यात याहून धीट युक्ती निघाली. श्रीनाथजींपुढे आपण हात जोडून उभे आहोत असं चित्र यजमान चिताऱ्याकडून करून घेत. त्याला ‘मनोरथ’ म्हणतात. कॅमेरा आल्यावर चिताऱ्यांनी यजमानाचा फोटो काढून घ्यावा, चेहरा कापून चित्रातल्या रंगवलेल्या धडावर चिकटवावा आणि कडेने रंग फिरवून सांधा बुजवावा, असं सुरू झालं. चिकटवाचिकटवी मुंबईतही चालू होती. विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले, त्यात वेगळ्या काढलेल्या माणसांमागे वेगळी दृश्यं जोडली आहेत. साहेबाने माणसं चिकटवली ती ओळख पटावी म्हणून. नाथद्वाऱ्याच्या यजमानाने स्वतःला चिकटवून घेतलं ते देवाजवळ राहावं म्हणून. मला विचाराल तर भक्तीच्या फोटोचा खरा उगम इथे आहे. मात्र या चित्रांतला चेहरा नीट बघा. धड देवाकडे वळलेलं, नजर मात्र कित्येकदा स्टुडिओतल्या कॅमेऱ्यावर.

चेहरा सुटा झाला तो सिनेमात. दादासाहेब फाळके मुळात फोटोग्राफर, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता, रविवर्म्याच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलं होतं. म्हणजे देवाचा ‘फोटो’ आणि माणसाचा फोटो, दोन्ही त्यांच्या हाताखालून गेलेले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. पण चित्रपटाच्या सुरुवातीला ती कृष्ण नाहीच. सात वर्षांची ही पोर कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते: आता हसू, आता राग. मग तीच देव होते. पुढे डोहाच्या काठावर जमलेल्या गोकुळाचे चेहरेही फाळके आवर्जून दाखवतात. देव काय करतो याइतकंच बघणाऱ्याला काय होतं हेही दाखवायचं, हे त्यांना कळलं होतं.

१९३६ साली ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ आला. विष्णुपंत पागनिसांनी त्यात तुकोबा असे काही उभे केले की पुढे कित्येक घरांत तुकोबांचा फोटो म्हणून पागनिसांचाच चेहरा आला. तुकोबा कसे दिसत होते कोणास ठाऊक. आपण हात जोडतो ते एका नटाला, असं म्हणून हसावंसं वाटतं, पण मला ते जमत नाही.

छोटे कॅमेरे आणि वेगवान फिल्म आल्यावर वाट मोकळी झाली. रिंगणात धावणारा अश्व, पावलीची उडी, हवेत उधळलेला भंडारा, सगळं हाती लागलं. गुंथर सोन्थायमर आणि हेनिंग श्टेगम्युलर यांनी वारीवर फिल्म केली, संदेश भंडारे यांचं ‘वारी : एक आनंदयात्रा’ आलं, उद्धव ठाकरे यांनी ‘पहावा विठ्ठल’साठी आकाशातून वारी टिपली. वरून घेतलेल्या त्या फोटोंत चेहरे मिटतात आणि नुसती वाट चालताना दिसते. तेही खरंच, पण मी चेहऱ्याच्या शोधात निघालो होतो.

आणि सवय लागली की डोळा आळसावतो. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायकांचा फोटो दर वर्षी तोच असतो, साड्या तेवढ्या बदलतात. त्या फोटोत वड कधी दिसत नाही. दिसतो खोडाचा हातभर तुकडा. झाडावरच्या मायेचा फोटो, झाडाला वगळून.

आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी एक कृष्णधवल फोटो आहे, आजी-आजोबांनी पंढरपुरात काढून घेतलेला. मागे विठोबा रंगवलेला पडदा, पुढे दोघं. आजोबा लख्ख आले आहेत, टोपीच्या घडीसकट. आजीचा चेहरा पुसट आहे. ऐन वेळी मान वळवून ती मागच्या पडद्याकडे बघू लागली होती. फोटोवाला नक्कीच ओरडला असणार, आणि आजोबांनी पैसे देताना कुरकुर केली असणार. पण त्यांनी तो फोटो घेतला, काचेत बसवला आणि देवांच्या फोटोंच्या रांगेत लावला. फुलं वाहताना आई त्याच्यावरही एक फूल ठेवते.