अपवादाच्या वाटा आणि कंपायलरची बंधने

प्रोग्रॅम चालू असताना मेमरी संपली, फाइल सापडली नाही किंवा भागाकारात शून्य आले, तर हातातले काम तिथेच सोडून नियंत्रण आधी नेमून ठेवलेल्या दुसऱ्या तुकड्याकडे नेण्याच्या व्यवस्थेला अपवाद-हाताळणी म्हणतात. प्रोग्रॅमर तिला 'एक्सेप्शन हँडलिंग' म्हणूनच ओळखतात. १९६० च्या दशकात आयबीएमच्या पीएल/वन भाषेत तिचे ठळक रूप दिसले, १९७५ मध्ये जॉन गुडइनफ यांनी तिची शिस्तशीर मांडणी केली आणि १९९० मध्ये अँड्र्यू कोनिग व ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी सी++ भाषेसाठी तिचा आराखडा प्रसिद्ध केला. यंत्राच्या अगदी जवळचा कोड लिहिणाऱ्यांनी मात्र तिच्याकडे कायम संशयाने पाहिले. हा संशय रास्त असला तरी त्याचे जे कारण सहसा सांगितले जाते, ते अपुरे आहे.

१९९५ च्या अखेरीस हिताची, तोशिबा, फुजित्सू आणि एनईसी या जपानी चिपनिर्मात्यांनी छोट्या यंत्रांसाठी सी++ ची आटोपशीर आवृत्ती आखायला घेतली, तेव्हा त्यांनी अपवाद सरळ वगळले. अपवाद उद्भवल्यापासून तो हाताळला जाईपर्यंत किती वेळ जाईल आणि किती मेमरी लागेल याचा अंदाज बांधता येत नाही, हे त्यांचे कारण होते. हिताचीच्या, आणि २००३ नंतर रेनेसासच्या, एसएच व एच८ या चिपमालिकांसाठी जीसीसी या मुक्त कंपायलरवर आधारलेली साधने पुण्याच्या केपीआयटी कंपनीने पुरवली, त्यामुळे हा प्रश्न पुण्याच्या अभियंत्यांनाही परका नव्हता. परंतु जपानी कंपन्यांचा आक्षेप अपवाद प्रत्यक्ष घडल्यानंतरच्या खर्चापुरता होता. जो अपवाद कधी घडतच नाही, त्याचीही किंमत मोजावी लागते, हा मुद्दा त्यात नव्हता.

ती किंमत समजण्यासाठी कंपायलर प्रोग्रॅमकडे कसा पाहतो ते पाहावे लागते. मानवी भाषेसारखा लिहिलेला कोड यंत्रसूचनांत उतरवताना कंपायलर त्याचा नकाशा तयार करतो: सलग चालणाऱ्या सूचनांचे गट ही त्यातली ठिकाणे, आणि एका गटातून दुसऱ्यात जाणाऱ्या वाटा म्हणजे 'कडा'. अपवादांना मुभा दिली की ते फेकू शकणारी प्रत्येक फंक्शन-हाक गट तोडते आणि तिच्यातून एक जादा कडा फुटते. राजगडाच्या किल्लेदाराला पाली गावाकडून चढणाऱ्या प्रशस्त राजमार्गाबरोबर पद्मावती माचीच्या चोरदरवाजावरही पहारा ठेवावा लागे, मग तिथून महिनोन्महिने कोणी येवो न येवो. कंपायलरची गत तीच.

समजा, एका फंक्शनमध्ये 'स्थिती' हे स्थानिक चल आहे. त्यात आधी १ ठेवले जाते, मग सेन्सर वाचणाऱ्या फंक्शनला हाक दिली जाते आणि ती परतल्यावर स्थितीत २ ठेवले जातात. चलाचा पत्ता बाहेर कोणाला दिलेला नसेल, तर मधल्या हाकेला ते वाचता येत नाही, म्हणून १ ठेवणारी सूचना कंपायलर बिनदिक्कत काढून टाकतो. मात्र त्या हाकेतून अपवाद निघून तो पकडणारा तुकडा स्थिती वाचत असेल, तर ती सूचना ठेवावीच लागते आणि ते मूल्य हाकेच्या पलीकडे टिकेल अशा जागीही राखावे लागते. पुढे कंपायलरांनी अपवादांची माहिती चालत्या कोडमधून काढून वेगळ्या तक्त्यांत ठेवली आणि या पद्धतीला 'शून्य खर्च' असे नाव पडले. ते नाव अर्धसत्य आहे, कारण तक्त्यांमुळे जादा सूचना वाचल्या तरी जादा कडा नकाशात राहिल्याच.

या कडांचा सर्वांत रंजक अडसर मुंबईत घडलेल्या संशोधनाला येऊन भिडतो. एकच गणित काही वाटांवर दोनदा होत असेल, तर दुसरी खेप टाळण्याची एकसंध पद्धत १९७९ मध्ये मोरेल व रेनव्हॉइज यांनी दिली होती. ते गणित गटात न घालता नेमक्या कडेवर घालावे, ही कल्पना आयआयटी मुंबईचे धनंजय ढमढेरे यांनी १९८८ मध्ये पुढे आणली. १९९४ मध्ये उदय खेडकर आणि ढमढेरे यांनी अशा विश्लेषणांचा व्यापक सिद्धान्त मांडला. कडेवर गणित घालायचे म्हणजे ती मधोमध तोडून तिथे नवा गट बसवायचा. साध्या कडेबाबत हे सहज जमते, पण अनेक हाकांच्या अपवादकडा एकाच हाताळणी-तुकड्यात येऊन मिळत असतील, तर त्यांपैकी एकीवरच काही घालता येत नाही, कारण त्या वाटेने नियंत्रण नेणारी यंत्रणा तक्त्यातला पत्ता पाहून थेट तुकड्यातच उतरते. तिथे प्रत्येक हाकेसाठी स्वतंत्र तुकडा उभा करून कोड फुगवायचा, गणित हाकेच्या आधी नेऊन नेहमीच्या वाटेवर भार टाकायचा, किंवा ती सुधारणाच सोडून द्यायची, एवढेच पर्याय उरतात. जीसीसीने अशा कडांसाठी आधीच्या गटाच्या शेवटी गणित घालण्याचा मार्ग स्वीकारला.

२०११ च्या सी++ मानकात आलेल्या 'नोएक्सेप्ट' या शब्दाने फंक्शनमधून अपवाद बाहेर पडणार नाही अशी हमी देता येते, आणि कंपायलर त्या हाकेची जादा कडा पुसून टाकतो. हमी मोडली तर प्रोग्रॅम तिथेच संपवला जातो. लिनक्सच्या गाभ्यासारख्या सी भाषेतल्या कोडमध्ये प्रत्येक हाकेनंतर परत आलेला त्रुटी-क्रमांक तपासण्याची जुनी रीत आजही चालते. तीत दर हाकेमागे एक तुलना खर्ची पडते, पण तिच्यातून निघणारी कडा साधी असते, आणि ढमढेरे यांच्या पद्धतीने तिच्यावर हवे ते गणित बसवता येते.