प्लेगांतील मुंबई आणि मजुराचें पोट

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, व पुढें कांहीं महिन्यांतच लाखों लोक शहर सोडून गेले, हें वाचकांस विदित आहेच. गिरण्या ओस पडूं लागल्या. तेव्हां एरव्हीं पगार अडकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज रोख मजुरी देऊं लागले; नाक्यानाक्यावर मजुरांसाठीं चढाओढ लागली. धुराडीं पेटतीं राहिलीं. परंतु मजूर संध्याकाळीं परतत असे तो त्याच कोंदट खोलींत.

१८९७ च्या फेब्रुवारींत सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. त्याच्या बळावर घरांच्या झडत्या झाल्या, रोगी इस्पितळांत नेण्यांत आले. मागें राहिलेल्या बायकामुलांच्या पोटाची हमी मात्र त्या कायद्यानें दिली नाहीं. २०२० च्या मार्चांत कोरोनाच्या साथींत तोच कायदा पुन्हां उपयोगांत आला, आणि पायीं गांवाकडे निघालेले मजूर आम्ही पाहिले.

ज्याच्या घरांत महिन्याचा दाणा आहे, त्यासच घरीं बसतां येतें. ही तरतूद आधीं न करितां ‘व्यापार कीं जीव’ असा वाद घालणें आम्हांस व्यर्थ वाटतें. कारण गिरणी उघडी असो वा बंद, त्याची किंमत दुबळ्यासच मोजावी लागते.